आग्रही वाद आणि श्रावकाची वाणी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)

 

संस्थेचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना मंदिराच्या पायाभरणीचे, पाठशाळेच्या पहिल्या वर्गाचे आणि ज्यांनी उदार हस्ते दान दिले त्या पूर्वसूरींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु मंदिराची पायरी उतरून रस्त्यावर आलेल्या श्रावकाला दिवसभरात ज्या प्रसंगांना सामोरे जावे लागते, त्यांचाही विचार अशा वेळी झाला पाहिजे. आजच्या व्याख्यानाचा विषय अशाच एका नित्याच्या प्रसंगाचा आहे. कोणी श्रद्धेविषयी आग्रहाने, कधी उपहासाने, वाद घालू लागले, तर श्रावकाने काय करावे?

एकेकाळी पुण्यातील बहुतेक जैन घरे गुरुवार पेठ, भवानी पेठ, नाना पेठ, रविवार पेठ या परिसरात होती. दुकान, घर, गोडीजी पार्श्वनाथांचे मंदिर आणि स्थानक हे सारे चालत जाण्याच्या अंतरावर होते. शेजाऱ्याला श्रावकाच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होते हे ठाऊक असे, आणि त्याचे त्याला नवलही वाटत नसे. आज ही कुटुंबे बिबवेवाडी, कोथरूड, चिंचवड अशी चहूकडे पसरली आहेत. मुले-मुली हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत काम करतात, शिक्षणासाठी परगावी-परदेशी वसतिगृहात राहतात. तेथे जेवणाचा डबा उघडला की प्रश्न सुरू होतात. “बटाट्याने कोणते पाप लागते?” “पाणी उकळले की त्यातले जीव मरतातच ना?” “तुम्ही देव मानत नाही, मग मंदिरात कशाला जाता?” “संथारा म्हणजे आत्महत्याच नव्हे का?” पहिल्या दिवशी हे प्रश्न गमतीचे असतात. दहाव्या दिवशी गंमत संपते आणि उरतो तो केवळ हट्ट.

अशा वेळी तरुणांची तीन प्रकारची प्रतिक्रिया दिसून येते. काही जण रागावतात आणि समोरच्याच्या धर्मातील उणी काढू लागतात. काही जण खजील होऊन हळूहळू नियम लपवू लागतात, “आज उपवास आहे” असे न सांगता “भूक नाही” असे सांगू लागतात. आणि काही जण घरी येऊन तेच प्रश्न आईवडिलांना विचारतात. या तिसऱ्या वर्गाला घरातून “असे प्रश्न विचारायचे नसतात” असे उत्तर मिळाले, की तोही पहिल्या दोन वर्गांपैकी एकात जाऊन मिसळतो. म्हणून विषय वरवर लहान दिसला, तरी पुढील पिढीचा श्रद्धेशी असलेला संबंध त्यावर अवलंबून आहे.

भारतीय न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार फार पूर्वी सांगून ठेवले आहेत. तत्त्व जाणून घेण्यासाठी होणारी चर्चा तो वाद. केवळ जिंकण्यासाठी होणारा तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याचे फक्त खंडन करीत राहणे ती वितंडा. व्यवहारात याचा मोठा उपयोग आहे. समोरचा मनुष्य वादासाठी आला आहे, जल्पासाठी की वितंडेसाठी, हे ओळखणे ही श्रावकाची पहिली पायरी होय. ओळखण्याची खूणही सोपी आहे. उत्तर दिल्यावर जो क्षणभर थांबतो, त्यातील एखाद्या शब्दाविषयी पुन्हा विचारतो, तो जिज्ञासू. उत्तर पूर्ण होण्याच्या आधीच ज्याचा पुढचा प्रश्न तयार असतो, त्याला उत्तर नको असते. पहिल्याला वेळ द्यावा. दुसऱ्याला नम्रतेने नमस्कार करून विषय बदलावा. मात्र येथे एक सावधगिरी हवी. अवघड प्रश्न विचारणारा प्रत्येक जण वितंडवादी असतो असे मानण्याचा मोह होतो. अवघड प्रश्न आणि आडमुठा प्रश्न यांत अंतर आहे, आणि ते अंतर विसरणे हे दुबळेपणाचे लक्षण आहे.

आगमग्रंथांत या विषयावर उपदेशापेक्षाही प्रसंग बोलके आहेत. उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात केशी श्रमण आणि गणधर गौतम यांची श्रावस्ती नगरीतील भेट वर्णिली आहे. केशी हे भगवान पार्श्वनाथांच्या परंपरेचे, तर गौतम भगवान महावीरांचे शिष्य. एका परंपरेत चार याम, दुसऱ्या परंपरेत पाच महाव्रते. एकीकडे वस्त्रांना मुभा, दुसरीकडे अचेलकता. दोघांच्या शिष्यांच्या मनात शंका उत्पन्न झाल्या. ध्येय एकच असताना हा भेद का? शिष्यांची ही कुजबुज दोन्ही आचार्यांनी दाबून टाकली नाही. केशींची परंपरा ज्येष्ठ म्हणून गौतम स्वतः शिष्यांसह तिंदुक उद्यानात त्यांच्या भेटीस गेले. केशींनी त्यांना बसण्यास गवताचे आसन दिले. प्रश्न विचारण्यापूर्वी केशींनी अनुमती मागितली, गौतमांनी ती आनंदाने दिली. प्रत्येक उत्तरानंतर केशी गौतमांच्या प्रज्ञेची प्रशंसा करीत आणि मगच पुढील शंका मांडीत. ही चर्चा पाहण्यासाठी अन्य मतांचे लोकही कुतूहलाने जमले होते. आसन, अनुमती आणि प्रशंसा या तीन गोष्टींमुळे जो प्रसंग दोन संघांच्या कलहाचा होऊ शकला असता, तो संघांच्या मीलनाचा ठरला.

उपासकदशांग सूत्र तर खास गृहस्थांसाठीच आहे, आणि त्यात या विषयाची दोन अनमोल उदाहरणे सापडतात. पोलासपूरचा सद्दालपुत्त हा कुंभार आजीवक मताचा, सर्व काही नियतीने घडते असे मानणारा. भगवान महावीरांनी त्याला तत्त्वज्ञानाचे प्रवचन दिले नाही. वाळत घातलेल्या मडक्यांकडे पाहून त्यांनी विचारले, ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? सद्दालपुत्ताने आपल्या मताप्रमाणे उत्तर दिले. मग भगवंतांनी विचारले, एखाद्याने ही मडकी फोडली तर तू त्याला काय करशील? त्याला शिक्षा करीन, असे तो म्हणाला. सारे नियतीनेच घडत असेल तर शिक्षा कोणाला, हा प्रश्न मग त्याचा त्यालाच पडला. समोरच्याच्या जीवनातून, त्याच्या व्यवसायातून घेतलेला एक दृष्टांत शंभर पारिभाषिक शब्दांपेक्षा अधिक काम करतो, हे यातून दिसते.

पुढील भाग अधिक मार्मिक आहे. सद्दालपुत्त श्रावक झाल्याचे कळल्यावर त्याचा पूर्वीचा गुरू गोशालक त्याच्याकडे आला. सद्दालपुत्ताने त्याला वंदन केले नाही. पण अपमानही केला नाही. गोशालकाने महावीरांचे गुण गायिले, तेव्हा सद्दालपुत्ताने त्याला राहण्यास जागा, पाट, बिछाना दिला, आणि हे धर्म म्हणून नव्हे, तर भगवंतांची स्तुती केली म्हणून देत आहे, असे स्पष्ट सांगितले. श्रद्धेविषयी संदिग्धता नाही आणि सौजन्यात उणीव नाही. आपले मत सोडावयास लावण्यासाठी आलेल्या मनुष्याशी गृहस्थाने कसे वागावे, याचा इतका स्वच्छ वस्तुपाठ क्वचितच सापडेल.

दुसरे उदाहरण आनंद श्रावकाचे. आनंदाने आपल्याला झालेल्या अवधिज्ञानाची मर्यादा सांगितली. गृहस्थाला इतके विशाल ज्ञान होणे शक्य नाही, असे म्हणून गौतमांनी त्याला आलोचना करावयास सांगितले. आनंदाने विचारले, जिनशासनात सत्य बोलल्याबद्दल प्रायश्चित्त असते काय? गौतम शंकित मनाने भगवंतांकडे गेले. भगवंतांनी सांगितले की आनंदाचे म्हणणे खरे आहे, तेव्हा जाऊन त्याची क्षमा माग. आणि पहिले गणधर, चौदा पूर्वांचे ज्ञाते गौतमस्वामी, एका गृहस्थाकडे परत गेले व त्यांनी क्षमा मागितली. धर्मचर्चेत कोणाचे स्थान किती उंच आहे याला महत्त्व नाही; खरे काय आहे याला आहे. ज्या परंपरेत गणधरांनी श्रावकाची क्षमा मागितली, त्या परंपरेतील वडिलांना मुलाजवळ “तुझे बरोबर आहे” असे म्हणण्यात कमीपणा वाटू नये.

श्रोतेहो, हे प्राचीन काळी झाले, आता तसे लोक कोठे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी पुण्याच्याच इतिहासातील एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

जर्मन पंडित हर्मान याकोबी यांनी १८८४ साली आचारांग आणि कल्पसूत्र यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. जैन समाजावर या विद्वानाचे फार मोठे उपकार आहेत. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा आहे, असे त्या काळी युरोपातील अनेक विद्वान मानत. जैन परंपरा स्वतंत्र आणि प्राचीन आहे, हे याकोबींनी त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत सप्रमाण मांडले. परंतु त्याच भाषांतरात भिक्षाविषयक एका सूत्रातील शब्दांचा त्यांनी असा अर्थ दिला, की प्राचीन मुनींच्या आहारात मांस येत असे, असा निष्कर्ष निघावा. अहिंसा हाच ज्यांचा प्राण, त्या समाजाला ही जखम किती खोल झाली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

त्या काळी पुण्यातून ‘आर्हतमतप्रभाकर’ या ग्रंथमालेत ‘स्याद्वादमंजरी’सारखे ग्रंथ मोतीलाल लाधाजी हे प्रसिद्ध करीत असत. या सूत्राच्या अर्थासंबंधी याकोबींचा त्यांच्याशी पत्रव्यवहार झाला. १९२८ साली मोतीलाल लाधाजींना पाठविलेल्या पत्रात याकोबींनी त्या सूत्राचा फेरविचार मांडला. पतंजलीच्या महाभाष्यातील आणि न्यायदर्शनावरील वाचस्पतींच्या टीकेतील दृष्टांतांच्या आधारे त्यांनी लिहिले, की ते शब्द लाक्षणिक आहेत. ज्या पदार्थाचा थोडाच भाग खाण्याजोगा व बराचसा टाकून द्यावा लागतो, असा पदार्थ मुनीने भिक्षेत घेऊ नये, एवढाच सूत्राचा आशय. भाषांतर होऊन चव्वेचाळीस वर्षे झाली होती. जागतिक कीर्तीच्या वृद्ध विद्वानाने आपल्याच अर्थाकडे पुन्हा पाहिले, ते घोषणांमुळे नव्हे. पुण्यात बसून शास्त्रग्रंथ छापणाऱ्या एका गृहस्थाशी, समान पातळीवर, ग्रंथांच्या प्रमाणाने झालेल्या संवादातून ही गोष्ट घडली.

विद्वानांतील तो वाद त्या पत्राने कायमचा मिटला, असे मात्र नाही. धर्मानंद कोसंबी यांचे नाव या संदर्भात घेतलेच पाहिजे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले हे बौद्ध साहित्याचे महापंडित १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथातील मांसाहारविषयक विवेचनात जैन आगमांतील अशाच उल्लेखांची चर्चा आली, आणि जैन समाजात तिचे तीव्र पडसाद उमटले. त्या मजकुराविषयीचा समाजाचा आक्षेप येथे सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. परंतु कोसंबींच्या जीवनाचा उत्तरार्धही तितकाच खरा आहे. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला. तो त्यांच्या निधनानंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि शरीर थकल्यावर या बौद्ध पंडिताने जैन परंपरेतील सल्लेखनेच्या मार्गाने अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. एका प्रकरणावरून ज्याला समाज प्रतिपक्षी समजला, त्याने आयुष्याचा शेवट समाजाच्याच परमपवित्र मानलेल्या व्रताच्या छायेत केला. मनुष्याला त्याच्या एका मतावरून कायमचे मोजू नये, ही अनेकांताची शिकवण याहून अधिक ठळकपणे कोणते उदाहरण देईल?

अनेकांताचा उल्लेख आला, तेव्हा त्याच्या गैरवापराविषयीही दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. अडचणीत आल्यावर “तुमचेही खरे, आमचेही खरे” असे म्हणून सुटका करून घेणे म्हणजे अनेकांत, अशी एक सोयीची समजूत पसरली आहे. स्याद्वाद म्हणजे संशयवाद, असा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या भाष्यकारांनी घेतला होता. ही सोयीची समजूत तोच आक्षेप खरा ठरविते. ‘स्यात्’ या शब्दाचा अर्थ ‘कदाचित’ असा नाही. ‘एका विशिष्ट अपेक्षेने’ असा आहे. कोणत्या अपेक्षेने मी हे म्हणतो, ते सांगण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. म्हणजे अनेकांत वाणीला पातळ करीत नाही, उलट काटेकोर करतो. त्याचप्रमाणे, आधुनिक विज्ञानाने जे जे शोधले ते सारे आगमांत आधीच होते, असा दावा करण्याचा मोह तरुणांनी टाळावा. विज्ञानाचे मत उद्या बदलले, तर त्यावर टेकविलेली श्रद्धाही डळमळते. रात्रिभोजनत्यागाचा मूळ हेतू जीवदया आणि संयम आहे. पचनाचा लाभ झाला तर तो आनुषंगिक. मूळ हेतू सांगण्यास संकोच वाटू नये.

आता नित्याच्या प्रश्नांकडे वळता येईल. कंदमुळांविषयी विचारले असता थोडक्यात सांगावे, की जैन शास्त्र काही वनस्पतींना ‘साधारण’ अथवा ‘अनंतकाय’ म्हणते, म्हणजे तेथे एकाच शरीराच्या आश्रयाने अनंत जीव असतात. त्यामुळे अन्य आहार उपलब्ध असताना तो त्यागावा, असा नियम आहे. पाणी उकळण्याविषयीचा प्रश्न मुळीच हास्यास्पद नाही. संपूर्ण अहिंसा देहधाऱ्याला शक्य नाही, हे जैन शास्त्राला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच गृहस्थाचे व्रत ‘अणुव्रत’ आहे. उकळलेल्या पाण्यात ठराविक काळपर्यंत नवी जीवोत्पत्ती होत नाही आणि पाण्याचा वापरही मोजका होतो, असा त्यामागील विचार आहे. “शून्य करता येत नाही, म्हणून कमीही करू नये” हा युक्तिवाद कोणताही व्यापारी आपल्या खर्चाच्या बाबतीत मान्य करणार नाही.

“जैन नास्तिक आहेत काय?” या प्रश्नाला, जगाचा निर्माता म्हणून ईश्वर मानला जात नाही, परंतु आत्मा, कर्म, पुनर्जन्म आणि परमात्मपद ही मानली जातात, मंदिरात जाणे हे मागण्यासाठी नसून त्या पदाच्या स्मरणासाठी आहे, इतके उत्तर पुरे. संथाऱ्याचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा बेकायदा ठरविला, देशभर मूक मोर्चे निघाले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. परंतु हा आक्षेप काही २०१५ मध्ये जन्मला नाही. तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत आचार्य पूज्यपादांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी तोच आक्षेप स्वतः उपस्थित केला आणि त्याचे उत्तर दिले. आत्मघातामागे राग, द्वेष वा मोह असतो. सल्लेखनेत तो नसतो, हे त्यांचे प्रतिपादन. त्यांचा दृष्टांत व्यापाऱ्याचा आहे. व्यापाऱ्याला आपले कोठार नष्ट व्हावे असे वाटत नाही. संकट आले तर तो ते वाचविण्याचा यत्न करतो. वाचविणे अशक्यच झाले तर निदान आतील माल सुरक्षित ठेवतो. देह हे कोठार आणि व्रतशील हा माल. पूर्वाचार्यांना आक्षेपाची भीती वाटली नाही, म्हणूनच आज उत्तर हाताशी आहे. त्याचबरोबर, निराश वा दबावाखाली असलेल्या मनुष्याचा अन्नत्याग म्हणजे सल्लेखना नव्हे, हे श्रावकाने आपणहून सांगावे. प्रश्नकर्त्याची खरी काळजी बहुधा तीच असते.

धर्म आणि धर्मीयांचे आचरण यांतील फरकही वादात सांभाळावा लागतो. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेत जैनांचे प्रतिनिधी वीरचंद राघवजी गांधी होते. एका पाद्र्याने हिंदू मंदिरांतील प्रथांवर टीका केली, तेव्हा वीरचंदजी उत्तर देण्यास उठले. टीका त्यांच्या धर्मावर नव्हती, तरीही ते शेजाऱ्याच्या बाजूने उभे राहिले, आणि हा हल्ला समाजातील दोषांवर आहे, धर्मावर नाही, हा भेद त्यांनी सभेपुढे मांडला. दोष असतील तर ते नाकारण्याची गरज नाही. पण दोषांना धर्म समजू देण्याचीही गरज नाही.

येथवर आग्रह दुसऱ्याकडून होतो असे गृहीत धरले. परंतु आत्मपरीक्षणावाचून हे विवेचन अपुरे राहील. पंगतीत बसलेल्या अन्य धर्मीय मित्राच्या ताटातील कांद्याविषयी न विचारता प्रवचन देणे, वेगळ्या संस्कारांतून आलेल्या सुनेला पहिल्याच महिन्यात सर्व नियमांच्या परीक्षेस बसविणे, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातील वासावरून त्याची योग्यता ठरविणे, हाही आग्रही वादच आहे. फरक इतकाच, की तो मोठ्या आवाजात होत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये जैन समाजाने मूक मोर्चात सांगितले की व्यक्तीच्या त्यागात इतरांनी हस्तक्षेप करू नये. पुढच्याच महिन्यात पर्युषणातील मांसविक्रीबंदीवरून मुंबईत वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि दुसऱ्या बाजूचे लोक जवळजवळ तेच शब्द जैनांना ऐकवू लागले. त्या वादात राजकारण होते, कटुताही होती. तरीही विचारणाऱ्यांत प्रामाणिक माणसेही होती, आणि जीवदयेचा संदेश मन वळवून द्यावा की नियम करून, या त्यांच्या प्रश्नाचा विचार शांतपणे व्हावयास हवा.

आणि संघातील अंतर्गत वादांचे काय? वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाचा श्वेतांबर-दिगंबर वाद ब्रिटिश काळात थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२९ मध्ये तेथून निर्णय झाला, पण कलह संपला नाही. पुढे त्या मंदिराला चार दशके कुलूप राहिले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते उघडले. एका पिढीच्या बालकांनी तेथील मूर्तीचे दर्शन न घेताच प्रौढत्व गाठले. ज्या पार्श्वनाथांच्या परंपरेतील केशी श्रमणांनी गौतमांसाठी गवताचे आसन अंथरले, त्याच पार्श्वनाथांच्या दारी हे घडावे, यापेक्षा दुःखद विसंगती कोणती? कोणत्या पक्षाचे म्हणणे किती योग्य, हा न्यायालयाचा विषय आहे. परंतु घरात असे वाद चालू असताना बाहेरच्याला अनेकांत समजावून सांगणारा तरुण किती अवघड स्थितीत सापडतो, याची जाणीव ज्येष्ठांनी ठेवावी.

मग व्यवहारात काय करावे? दशवैकालिक सूत्राच्या सातव्या अध्ययनाचा विषयच वाक्यशुद्धी हा आहे. खरे असले तरी कठोर व पीडा देणारे वचन बोलू नये, असे ते सांगते. भाषासमितीचा नियम साधूंसाठी असला, तरी श्रावकालाही तो पथदर्शक आहे. प्रश्न जेवढा असेल तेवढेच उत्तर द्यावे. जे ठाऊक नाही ते “विचारून सांगतो” असे म्हणावे, आणि खरोखर विचारून सांगावे. दुसऱ्या दिवशी आणलेले उत्तर पहिल्या दिवशीच्या हजरजबाबीपणाहून अधिक आदर मिळवून देते. चारचौघांत उपहास झाला, तर चारचौघांत उत्तर देण्याचे बंधन नाही. “यावर निवांत बोलू” असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तेही न जमल्यास मौन आहे. वचनगुप्ती हा पराभव नव्हे, ते व्रत आहे. आणि रागाच्या भरात कठोर शब्द गेलाच, तर संवत्सरीची वाट न पाहता त्याच संध्याकाळी “मिच्छामि दुक्कडम्” म्हणावे, ते ज्याला दुखविले त्याच्यासमोर.

संस्थेकडूनही समाजाची एक अपेक्षा आहे. पाठशाळेत सूत्रे मुखोद्गत करून घेतली जातात, ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला महिन्यातून एक दिवस मुलांनी फक्त प्रश्न विचारावेत आणि ज्येष्ठांनी, साध्वीजींनी, जाणकारांनी त्यांची उत्तरे द्यावीत, अशी योजना व्हावी. कोणत्याही प्रश्नावर “हे विचारू नये” असे म्हटले जाणार नाही, एवढी एकच अट असावी. जो प्रश्न मंदिराच्या सभागृहात निर्भयपणे विचारला गेला, तो कार्यालयाच्या उपाहारगृहात कोणी टोचून विचारला, तरी मुलाच्या हातापायाला घाम फुटणार नाही. अभ्यासासाठी पुण्यासारखे दुसरे क्षेत्र नाही. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारखी संस्था आणि तेथे सिद्ध होत असलेला प्राकृत भाषांचा बृहत्कोश हे या शहराचे वैभव आहे. आगमांतील शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न मोतीलाल लाधाजींच्या काळी दूरदेशीच्या विद्वानापर्यंत न्यावा लागला. आज त्याच्या शोधाचा आरंभ पुण्यातल्या पुण्यात करता येतो.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था स्थापिली, त्यांनी देव, गुरू आणि धर्म यांच्यासाठी एक छप्पर उभे केले. पुढील पन्नास वर्षांत या छपराखालून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक युवक-युवतीच्या वाणीत सद्दालपुत्ताची स्पष्टता, केशींचा आदर आणि गौतमांची नम्रता यावी. कोणी हट्टाने वाद घालावयास आला, तर त्याने जाताना जैन धर्म स्वीकारला नाही तरी चालेल; एका जैनाशी बोलून आलो, आणि त्याने आपले ऐकून घेतले, एवढे त्याला जाणवले तरी शासनाची प्रभावना झाली असे समजावे.

या मंगल प्रसंगी संस्थेच्या सर्व आजी-माजी विश्वस्तांना, कार्यकर्त्यांना आणि सकल संघाला हार्दिक शुभेच्छा. जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!